फोर बाय फोर घेतली, पण अजून चिखल पाहिला नाही. ग्रुपबरोबर जावं का?

निवांत_निनाद

मंडळी, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी थार घेतली. डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी. घेताना शोरूममध्ये मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, टू व्हील ड्राइव्ह दाखवूच नका, आपल्याला डोंगरात न्यायची आहे. आजवर तिनं चढलेला सगळ्यात अवघड चढ म्हणजे आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. गिअरच्या शेजारचा तो फोर व्हील टाकायचा छोटा दांडा दोन वर्षांत दोनदा हलला, त्यातला एकदा मुलीनं खेळताना हलवला.

आता ऑफिसातल्या मित्राच्या ग्रुपची सप्टेंबरात एक दिवसाची सहल ठरतेय. दहा-बारा गाड्या, पहाटे साडेपाचला चांदणी चौक, मुळशीच्या पुढं कुठंतरी डांबर सोडायचं, दिवसभर कच्च्या वाटा, दोन ओढे, एक चढ, अंधाराच्या आत परत. त्यांनी पाठवलेल्या यादीत डी-शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), स्नॅच स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा), वॉकीटॉकी, टायरमध्ये हवा भरायचा पंप असं काय काय आहे. माझ्याकडे त्यातली फक्त पाण्याची बाटली आहे. टायर कंपनीनं दिलेलेच. अनुभव शून्य.

आई म्हणते, चांगली गाडी चिखलात कशाला घालायची? बायको म्हणते, जायचं तर अर्धा वेळ मी चालवणार. मला खरं सांगायचं तर भीती वाटतेय. गाडीचं काही होईल याची कमी, बारा लोकांसमोर फजिती होईल याची जास्त. जावं का?

चिखलोबा

जा. धागा संपला.

साखरझोप

बेसमेंटचा रॅम्प :)) आमच्या सोसायटीत चार थार आहेत. चारही जणी भाजी मंडईच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. एकीला तर छतावर शिडी, मागे जेरीकॅन, पुढं सहा दिवे. मालक रोज फडक्यानं पुसतात.

जुना_हब

निनाद, खुशाल जा. फजिती तुझ्या एकट्याची होणार नाही, बाराही जणांची आळीपाळीनं होते. सहलीचा मुख्य कार्यक्रम तोच असतो.

मी १९९७ पासून जिप्सी चालवतोय. पहिली सहल सांगतो. जुन्या जिप्सीला पुढच्या दोन्ही चाकांच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, एक फिरकी असते. ती हातानं लॉकवर फिरवल्याशिवाय आत दांडा कितीही ओढा, पुढची चाकं गाडी ओढत नाहीत. मी आत बसून ऐटीत फोर व्हील टाकलं आणि ओढ्याच्या काठावर अर्धा तास नुसती मागची चाकं गरगर फिरवत बसलो. भोवती अनुभवी मंडळी जमली. कोणी म्हणे क्लच गेला, कोणी म्हणे ट्रान्सफर केस. शेवटी म्हशी घेऊन आलेल्या एका पोरानं विचारलं, "काका, पुढची चाकं फिरतच नाहीत का?" उतरलो, दोन्ही हब फिरवले, गाडी पाच सेकंदांत बाहेर. या आयडीचं मूळ ते. तुझ्या थारला ही कटकट नाही.

सामानाच्या यादीनं घाबरू नको. अर्ध्या वस्तू मार्शलच्या, म्हणजे ग्रुपला वाट दाखवणाऱ्याच्या, गाडीत असतात. तू एवढं बघ. ओढायचे हूक पुढं-मागं नक्की कुठं आहेत ते घरीच वाकून बघून ठेव, चिखलात झोपून शोधायची वेळ येऊ नये. डांबर सुटलं की टायरमधली हवा तिशीवरून वीस-बावीस पीएसआयवर आण. टायर जरा चपटा होतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि तो दगडावर आपटण्याऐवजी दगडाला कवळतो. परत डांबरावर चढायच्या आधी हवा भरायची, त्यासाठी पंप. सीटमागे पडलेली छत्री, जॅक, पाण्याचा कॅन असलं सगळं बांधून टाक, नाहीतर उतारावर ते तुझ्या मानेवर येतं. स्टिअरिंग धरताना अंगठे आतल्या बाजूला अडकवू नको, चाक दगडावर बसलं की स्टिअरिंग उलटा झटका मारू शकतं.

आणि लो रेंज (फोर व्हीलची हळू पण जास्त ताकदीची चाल, तीच फोर लो) अडकल्यावर टाकायची नसते, अडकायच्या आधी टाकायची. गाडी पूर्ण थांबव, न्यूट्रल, मग फोर लो. डांबर लागलं की न विसरता टू व्हीलवर ये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मातीत चाक जरासं घसरून हिशेब मिटवतं, कोरड्या डांबरावर तो ताण सगळा गिअरांवर बसतो.

बाकी अवघड जागा दिसली की आधी उतरून चालत जा. जिथं तुझा पाय घसरतो तिथं चाकही घसरणार.

जिमनीवाली

बायको चालवणार म्हणतेय ना? मग तिला आधी चालवायला दे, तू नंतर बस. कारण दुपारी सगळे दमलेले असतात आणि तेव्हा "वहिनी, आता उशीर झालाय, दादांना द्या" सुरू होतं. स्वानुभव.

माझ्या पहिल्या सहलीत एका दगडाळ चढावर आठ पुरुष माझ्या गाडीभोवती उभे राहून ओरडत होते. एक लेफ्ट, दुसरा राइट, तिसरा "ताई, रेस द्या रेस", चौथा "अहो नुसता क्लच सोडा". मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, तुमच्यात एक ठरवा, मग मी चालू करते. दोन मिनिटं शांतता. मग एक पांढऱ्या मिशांचे काका पुढं आले, त्यांनी फक्त हातानं खुणा केल्या, तोंडातून शब्द नाही. गाडी चढली. तेव्हापासूनचा नियम: खुणा करणारा एकच. त्याच्या दोन्ही हातांवर नजर ठेवायची आणि बाकीच्यांना बहिरं व्हायचं.

आणखी एक. आयोजकाला आधीच विचार, बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय कुठं आहे. डांबर सोडायच्या आधीचं शेवटचं हॉटेल कुठलं, जेवण कुणाच्या घरी आहे का. या पुरुषांच्या यादीत डी-शॅकल दोन-दोन असतात, हे कधीच नसतं.

चिखलोबा

@जिमनीवाली, जिमनी चढलीच असती, ती बकरी आहे. काका नसते तरी चढली असती.

जिमनीवाली

बकरी म्हणा, हरकत नाही. तुमचे रेडे बाहेर काढायला बकरीच लागते.

डोंगरवाट

मूड घालवतोय, माफ करा. मी २० वर्षं सह्याद्रीत पायी फिरतोय आणि हा प्रकार मला अजिबात पटत नाही. डिझेल जाळायचं, ओढ्यात चाकं घालायची, चिखल उडतानाचा व्हिडिओ काढायचा, याला निसर्गसहल म्हणायचं?

चाकोरी एकदा पडली की पावसाचं पाणी तीच वाट धरतं. पुढच्या वर्षी तिथं घळ होते. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, गोष्ट तर आणखी वाईट. कातळावर दोन-चार इंच माती, त्यावर सप्टेंबरात सीतेची आसवं, गेंद, तेरडा. याच दिवसांत तुमच्या सहली. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, त्याला पहारा आहे. बाकीच्या सड्यांना कोण आहे? एका गाडीनं हौसेनं मारलेला गोल तिथं कित्येक वर्षं दिसतो.

शिवाय राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. "सगळेच जातात" हे उत्तर रेंजरसाहेबांना देऊन बघा.

चिखलोबा

ट्रेकर लोक गडावर काय सोडून येतात ते दर सोमवारी गोण्या भरून खाली आणणाऱ्यांना विचारा. २०१८च्या केरळच्या पुरात याच चिखल उडवणाऱ्या जीपवाल्यांनी माणसं बाहेर काढली, तेव्हा कुणी डिझेल मोजलं नाही.

डोंगरवाट

पूर रोज येत नाही, रविवार दर आठवड्याला येतो. आणि गडावरच्या कचऱ्यानं सड्यावरचा गोल पुसला जात नाही.

जुना_हब

डोंगरवाट यांच्याशी मी ८० टक्के सहमत आहे, आणि हे मी गाडीवाला म्हणून लिहितोय. आमचा ग्रुप सड्यावर जात नाही. असलेली बैलगाडीची वाट, ट्रॅक्टरची वाट, जुना धरणाच्या कामाचा रस्ता, एवढ्यावरच. वाटेत डबकं असेल तर डबक्यातून जायचं, कडेनं नवी वाट पाडायची नाही. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण डबकं टाळायला प्रत्येक जण दोन फूट बाहेरून गेला की वर्षभरात वाट तिप्पट रुंद होते.

आणि कृपया इथं कुणीही जागेचं नाव टाकू नका. नाव टाकलं की महिन्याभरात तिथं स्पीकर लावलेल्या चाळीस गाड्या येतात.

खाचरातला

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मी मुळशी तालुक्यातला, नोकरीला पिंपरीत. गावात वडील शेती बघतात.

सप्टेंबरात येताय म्हणून सांगतो. तेव्हा हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात निसवलेलं (लोंब्या बाहेर आलेलं) असतं, उशिराचं गरवं पोटरीत (लोंबी अजून आत) असतं. खाचरात पाणी धरून ठेवावं लागतं. पाणी धरतो तो बांध. तुम्हाला वरून तो गवताचा उंचवटा दिसतो, गाडी तिरकी करून फोटो काढायला बरा. चाकानं तो एक वीत खचला की रात्रीतून वरच्या खाचराचं पाणी खालच्यात आणि खालच्याचं ओढ्यात. सकाळी बघावं तर भात कोरड्यात उभं.

मागच्या एका वर्षी आमचा बांध असाच गेला. दहा गाड्या होत्या, नववीचं मागचं चाक घसरलं. पोरगा चांगला होता, उतरून वडिलांना हात जोडले, "सॉरी काका" म्हणाला आणि पाचशेची नोट पुढं केली. वडिलांनी नोटेकडे बघितलंही नाही. म्हणाले, "खोरं आहे का गाडीत?"

होतं. घडीचं, काळं, बॅगेत घातलेलं, किंमत आमच्या चार खोऱ्यांएवढी असेल. त्या चौघांनी तासभर बांध घातला. घातला कसला, माती ओतली. वडिलांनी संध्याकाळी उकरून पुन्हा घातला, चिखल पायानं तुडवून, वर गवताचे ढेकूळ बसवून. पण तेव्हापासून ती मंडळी आली की आधी घरी येतात, विचारतात यंदा कुठनं जाऊ. वडील सांगतात त्या वाटेनं जातात. जेवण आमच्याकडेच असतं, आई आणि काकू करतात, पैसे त्यांच्या हातात.

सगळेच असे नसतात. काही नुसते हॉर्न वाजवतात.

साखरझोप

"खोरं आहे का गाडीत?" आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. दंडवत.

डोंगरवाट

+१. माझ्या दोन प्रतिसादांपेक्षा हे एक वाक्य भारी आहे.

निवांत_निनाद

यादीत खोरं टाकलं. शपथ.

वडापवाला

तुम्ही लोक एवढी यादी करताय म्हणून हसू आलं. आमच्याकडं शाहूवाडी-गगनबावड्याच्या बाजूला वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या, गाड्या असल्या वाटांवर रोज जायच्या. ऑफरोड वगैरे शब्द कुणाला ठाऊक न्हवता, आम्ही त्याला गावचा रस्ता म्हणायचो. जीप टू व्हील, टायर गोटा झालेले, आत सतरा-अठरा माणसं, मागं पायरीवर चार पोरं लोंबकळत, टपावर भुश्शाची पोती आणि एखादी शेळी. चढ आला की डायवर मागं न बघता म्हणायचा, "मागची चार जणं अजून मागं व्हा." मागच्या चाकांवर वजन पडलं की चाक पकडायचं. हेच तुमचं ट्रॅक्शन. उतरून ढकलायला अठरा माणसं तयारच. गाडी ओढायचा विंचबिंच काय करायचाय?

माझे मामा वडाप चालवायचे. चिखलात गाडी रुतली की चाकाखाली उसाचा पाला घालायचे. अजून तेवढं भारी काही बघितलं नाही.

जुना_हब

पाला अजूनही चालतो. बाजारात त्यालाच प्लॅस्टिकचा करून ट्रॅक्शन बोर्ड म्हणून विकतात.

मामांना माझा नमस्कार. आपल्याकडे जीप गावात रुजली ती हौसेची गाडी म्हणून नाहीच. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीप इथं जोडायला सुरुवात केली, आणि पुढची पन्नास वर्षं ती तहसीलदार, पोलीस, पाटबंधारे खातं आणि वडाप यांचीच गाडी होती. चिखलात मजेसाठी जायचं हे आपलं खूळ फार अलीकडचं. महिंद्रांची ग्रेट एस्केप ही ऑफरोड सहल १९९६ला सुरू झाली, गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा २०१४ला आली. तिथं पावसाळ्यात जे चालतं ते बघून माझ्यासारखा घरी येऊन गुपचूप आपली जिप्सी धुतो.

पुळणकर

धागा डोंगरातून थोडा खाली आणतो. आमच्या किनाऱ्यावर दर सुट्टीत एक तरी फोर बाय फोर पुळणीत बसलेली असते. मालकाला वाटतं, जाहिरातीत बघितली तशी लाटांच्या कडेनं पळवू. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी घट्ट लागते, म्हणून आत जातात. परत फिरताना कोरड्या वाळूत येतात, चाक फिरवतात आणि गाडी ॲक्सलपर्यंत खाली. तोवर भरती लागलेली. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. काल चारला इथं उभे होतो म्हणजे आजही चारला उभं राहता येईल, असं नसतं.

मग ट्रॅक्टर शोधायला आमच्याकडे येतात. ट्रॅक्टरवाला भाव सांगतो, हे घासाघीस करतात, पाणी दारापर्यंत येतं, हे भाव मान्य करतात. दर वेळी हेच. खाऱ्या पाण्यात एकदा बसलेली गाडी वरून कितीही धुवा, आतून कुजतेच. आणि पुळणीवर गाडी नेणं चुकीचं आहे ते वेगळंच. कासवं तिथंच अंडी घालतात.

वाळूशेठ

शारजाहून नमस्कार. इथं आम्हा मराठी मंडळींचा छोटा ग्रुप आहे. शुक्रवारी पहाटे निघतो, ऊन चढायच्या आत परत. बदायरचं बिग रेड म्हणून जे लाल वाळूचं टेकाड आहे तिथं शिकलो. तुमच्या चिखलाशी तुलना नाही, पण एक गोष्ट उलटी आहे ती सांगतो. वाळूत हवा बारा ते पंधरावर आणतो, म्हणजे टायर बसलेलाच दिसतो. तेवढ्या कमी हवेत जोरात वळलात तर टायर रिममधून निसटतो. तुमच्या दगडांत एवढी कमी करू नका, टायरची बाजू कापली जाईल.

दुसरं म्हणजे, वाळूत चाक फिरायला लागलं की पाय उचलायचा. माणसाचा पाय नेमका उलटा दाबला जातो. पहिल्या सहलीत मी चार सेकंदांत गाडी दारापर्यंत पुरली होती. शेजारी सासरे बसले होते. ते फक्त म्हणाले, "आता?"

साखरझोप

"आता?" :)) सासऱ्यांचं हे एक वाक्य आणि खाचरातल्यांच्या वडिलांचं एक. म्हातारी माणसं या धाग्यात हाणतायत.

सर्व्हेयर_काका

विम्याच्या नुकसानीची पाहणी करण्यात उभा जन्म गेला, म्हणून दोन ओळी.

ओढ्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी मारू नका. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा खर्च कमी असतो. "बघू चालू होते का" म्हणून मारलेल्या चावीनं इंजिन जातं. साध्या पॉलिसीत हे बहुधा बसत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते घेतलं असलं तरी त्यातही अटी असतात, वाचा. आणि शर्यत किंवा स्पर्धा असेल तर साधी पॉलिसी गृहीतच धरू नका.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. म्हणाले, गाडी रस्त्यावरच उभी होती, पाणी अचानक आलं. एअर फिल्टरच्या डब्यात मला बोटभर मासा मिळाला. मी विचारलं, हा रस्ता कुठला?

चिखलोबा

मासा!! काका, स्वतंत्र धागा काढा.

स्टेपनी

दोरीबद्दल कुणीच लिहिलं नाही. अडकलेली गाडी काढताना माणसं जखमी होतात ती गाडीमुळे कमी आणि दोरीमुळे जास्त. स्नॅच स्ट्रॅप ताणला जातो, रबरासारखा, म्हणूनच तो झटका देऊन गाडी काढतो. तो ताण सुटताना टोकाला लोखंड असेल तर ते गोफणीतल्या दगडासारखं येतं. म्हणून स्ट्रॅप कधीही मागच्या टो-बॉलला अडकवू नका. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो, झटका खायला नाही. स्ट्रॅपच्या मधोमध ओलं पोतं किंवा जड घोंगडी टाका, तुटलाच तर खाली पडतो. आणि बघ्यांनी स्ट्रॅपच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं राहायचं. मोबाइल घेऊन पुढं येणाऱ्याला मी तरी सरळ शिव्या घालतो.

वडापवाला

ह्ये बरोबर. मामांच्या गाडीची साखळी तुटून दिव्याचा चुरा झालता. माणूस थोडक्यात वाचला.

निवांत_निनाद

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून भीती गेली असं म्हणणार नाही, पण जातोय. इंजिनाचं संरक्षण पॉलिसीत आहे हे बघून घेतलं. पंप घेतला, एक शॅकल घेतला. आल्यावर लिहितो.

साखरझोप

आला का परत? की अजून ओढ्यात?

निवांत_निनाद

आलो. कालचा रविवार. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

जाताना पौडला थांबून खोरं घेतलं. घडीचं नाही, लाकडी दांड्याचं. दुकानदारानं गाडीकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "फार्महाऊस का?" ग्रुपमध्ये आधी खूप हसले. अकरा गाड्या, पैकी सहा थार, दोन जिमनी, एक फोर्स गुरखा, एक महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आणि एक फॉर्च्युनर. फॉर्च्युनरवाले सगळ्यात शांत.

आयोजकांना आदल्या दिवशी विचारलं होतं, वाट कुणाच्या जमिनीतून जाते? त्यांनी सांगितलं, दोन घरांशी बोलणं झालंय, पहिलं थांबणं तिथंच. तसंच झालं. घरातल्या आजोबांनी काठीनं दाखवलं, इकडून जा, त्या आंब्याच्या पलीकडे नको. आम्ही आंब्याच्या अलीकडूनच गेलो. @खाचरातला, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर हे विचारायचं सुचलंच नसतं.

@जिमनीवाली, बायकोला आधी दिली. पहिला ओढा तिनं काढला. मार्शल आधी पायी पलीकडे गेले, काठीवर पाण्याची खूण करून आले. मांडीच्या खाली होतं. गाडीची मर्यादा ६५० मिलिमीटर, ती काठीवर आधीच खडूनं आखलेली. फोर लो, दुसरा गिअर, एकाच लयीत, मध्ये क्लच नाही. बॉनेटच्या पुढं पाण्याची एक छोटी लाट तयार झाली आणि गाडी तिच्या मागं-मागं चालत गेली. बाहेर पडल्यावर तिनं दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून ब्रेक सुकवले, तेही सांगितल्याप्रमाणे. खुणा करणारे एकच होते. ती एवढी सहज बाहेर आली की लोकांनी व्हिडिओसुद्धा नीट काढला नाही.

मग मी बसलो.

ट्रॅक्टरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीची पाठ होती. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही नाही. मार्शल सांगत होते, एक चाक मधल्या पाठीवर ठेव, दुसरं बाहेरच्या कडेला. मला वाटलं, चाकोरीतून सरळ जावं. चौथ्या सेकंदाला गाडी पोटावर बसली. चारही चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली, मी रेस देतोय आणि खिडकीपर्यंत नुसता चिखल. वाळूशेठ, पाय उचलायचा असतो हे मी धाग्यात वाचलेलं होतं. तरी दाबला. शेजारून बायको म्हणाली, "आता?"

(तिनं धागा वाचलेला आहे.)

पुढची चाळीस मिनिटं खोरं चाललं. घडीची दोन खोरी चिकट मातीत पाच मिनिटांत वाकडी झाली. फॉर्च्युनरवाल्या शांत गृहस्थांनी माझं खोरं घेतलं आणि गाडीच्या पोटाखालची माती अशी काढली की आम्ही बघत राहिलो. म्हणाले, लहानपणी शेतावर होतो. मग टायरची हवा अठरावर, मागून गुरखाला स्ट्रॅप, मधोमध ओलं पोतं, सगळे लांब. एका झटक्यात बाहेर. टाळ्या. फजिती झाली का? झाली. पण जेवणाच्या आधी एमएम ५४० त्याहून वाईट बसली आणि माझी गोष्ट जुनी झाली.

जेवण त्याच आजोबांच्या घरी. भाकरी, पिठलं, इंद्रायणीचा भात, ठेचा. दिवसभरात कच्च्यावर गाडी चालली ती फक्त अकरा किलोमीटर. त्याला सात तास लागले. बाकीचा वेळ उभं राहणं, दुसऱ्याची गाडी काढणं, चालत जाऊन वाट बघणं. मला वाटलं होतं, दिवसभर स्टिअरिंगवर असेन. प्रत्यक्षात गाडीत बसलो त्यापेक्षा जास्त वेळ गाडीबाहेर होतो, आणि खरं सांगतो, तोच भाग जास्त आवडला.

आता प्रश्न. परत येताना हवा पुन्हा भरली, टू व्हीलवर आलो, सगळं नीट. पण महामार्गावर ८०च्या पुढं गेलं की स्टिअरिंग थडथड हलतंय. काही वाकलं का? आईला अजून सांगितलेलं नाही.

जुना_हब

रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसलाय. तोल जातो. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं, आत हात घालून बघ. पाण्याच्या जोरानं आतून धू. तरी हललं तर मग अलाइनमेंट.

खाचरातला

खोऱ्याचा दांडा सैल झाला असेल आता. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगतं. दुकानातला नवा दांडा पहिल्या पावसात असाच हलतो.

आंब्याच्या अलीकडून गेलात हे बरं केलंत. अशा आंब्याच्या पलीकडे बहुधा खाचर असतं.

डोंगरवाट

वृत्तांत आवडला. माझं मत बदललेलं नाही. पण पुढच्या वेळी शांत फॉर्च्युनरवाल्यांना माझा नमस्कार सांगा.

निवांत_निनाद

@जुना_हब, आत हात घातला. चारही चाकांत मिळून घमेलंभर माती निघाली, त्यात एक जिवंत खेकडा. थडथड बंद.

@खाचरातला, दांडा बादलीत ठेवलाय. खरंच हलत होता.

वॉशिंग सेंटरवाल्यानं दोन तास घेतले आणि नेहमीच्या दुप्पट पैसे. वर म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी आणायच्या आधी फोन करा, मी त्या दिवशी सुट्टी घेतो."